तिसऱ्या काउंटरवरचे फडके

"कंपनीलाच पडलेली नाही, तर मी एकट्याने कशाला मरू?" हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकले, याची मोजदाद ठेवलेली नाही. बोलणारे बहुतेक साखळी दुकानांतले असतात: स्टोअर मॅनेजर, फ्लोअरवरचे सुपरवायझर, बिलिंगच्या मुली. २००९ मध्ये सुभिक्षा या किराणा साखळीची दुकाने बंद पडली, २०२२ मध्ये बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि दोन्ही वेळी बातम्यांत थकलेल्या देण्यांचे आकडे आले. पण कोणतेही दुकान बुडण्याआधी वर्ष-दीड वर्षाचा असा एक काळ असतो की शटर रोज उघडते आणि माल मात्र येत नाही. त्या काळात आतल्या माणसाचे काय होते, ते समुपदेशनाच्या वेळी माझ्या समोरच्या खुर्चीत दिसते. पहिल्या वाक्यानंतर थोड्या वेळाने आवाज उतरतो आणि दुसरे वाक्य येते, "पण मी असा नव्हतो हो." माणसे खरे तर या दुसऱ्या वाक्यासाठी येतात.

ज्यांची हकिगत सांगते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चव्वेचाळीस, किराणा आणि कपडे विकणाऱ्या एका साखळीत अठरा वर्षे नोकरी, गेली सहा वर्षे स्टोअर मॅनेजर. वेळ त्यांच्या पत्नीने मागितली होती. "हे घरी येतात, जेवतात, टीव्हीसमोर बसतात. चिडत नाहीत, भांडत नाहीत. पूर्वी चिडायचे ते बरं होतं," असे त्या फोनवर म्हणाल्या.

पुरवठादारांची बिले थकल्यामुळे माल बंद झाला होता, साफसफाईच्या एजन्सीने माणसे काढून घेतली होती, बावीस जणांच्या जागी नऊ जण उरले होते आणि पगाराची तारीख दर महिन्याला पुढे सरकत होती. हे सगळे त्यांनी हजेरी वाचावी तसे सांगितले. मग म्हणाले, "खालच्या रॅकमध्ये तूरडाळीचं एक पाकीट फुटलंय. तीन दिवस मी त्याच्या बाजूनं जातोय. डाळ बाहेर आलीय, आता त्यात जाळी धरलीय. मला दिसतं, मॅडम. मी पाय उचलून पलीकडे टाकतो आणि पुढे जातो. एके काळी चालता चालता कागदाचा कपटा उचलायचो मी, कोणाच्या लक्षातही यायचं नाही."

इथे माझी एक चूक कबूल करते. दुसऱ्या भेटीत मी त्यांना म्हणाले, "उद्या फक्त तेवढं पाकीट उचलून पाहा." ते पहिल्यांदाच हसले, पण ते हसू चांगले नव्हते. "आमचे एरिया मॅनेजर असंच बोलतात. रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकतात, आणि मागितलेल्या फिनेलच्या कॅनचं उत्तर देत नाहीत." सल्ला चुकीचा नव्हता, पण तो वरून आला होता, आणि वरून येणाऱ्या कोणत्याही शब्दाला या माणसाच्या मनात आता दार नव्हते.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी सल्ला बाजूला ठेवला आणि त्यांना दारापासून दुकान दाखवायला सांगितले. डोळे मिटून, पावलापावलाने. ते बोलू लागले. एकाआड एक ट्यूब बंद. एसीचे पाणी गळते तिथे बादली. चाक अडकणाऱ्या ट्रॉल्या. बंद पडलेल्या फ्रीजरमध्ये रिकामी खोकी. मागे काहीच नसलेल्या फळ्यांच्या कडेला एकेक डबा ओढून मांडलेला, म्हणजे समोरून रॅक भरलेला दिसावा. दुकानदारीत याला फेसिंग म्हणतात. "ग्राहक एक डबा उचलतो आणि मागे भिंत दिसते," ते म्हणाले. मग बिलिंगपाशी आले आणि थबकले. "तीन नंबरचा काउंटर स्वच्छ असतो. तिथल्या बाई घरून फडकं आणतात."

"का आणतात?"

"विचारलं नाही कधी."

"विचाराल?"

आठवड्याने ते आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले. त्यांनी विचारले होते. त्या बाई म्हणाल्या होत्या, "सर, कंपनीसाठी कोण पुसतंय? आठ तास मी इथे उभी असते. चिकट लागलं की हाताला बरं वाटत नाही, म्हणून पुसते."

एवढे सांगून ते गप्प झाले. मीही गप्प राहिले. (हे गप्प राहणे शिकायला मला दहा वर्षे लागली आहेत.) बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी त्यांना दाखवत होतो, मॅडम. हेड ऑफिसला. बघा, तुम्ही काय करून ठेवलंत ते."

या वाक्यावर मी त्यानंतर खूप विचार केला आहे. अठरा वर्षे त्यांनी दुकानाची निगा ही कंपनीशी असलेल्या निष्ठेची खूण मानली होती. निष्ठा दुखावली तेव्हा निगा काढून घेणे हाच एक निषेध त्यांच्या हाती उरला. ते फुटलेले पाकीट हे हेड ऑफिसला लिहिलेले तक्रारपत्र होते. पण हेड ऑफिसमधले कोणी त्या रॅकपाशी येतच नव्हते, त्यामुळे ते पत्र रोज वाचत होती ती आतली नऊ माणसे आणि उरलेसुरले ग्राहक, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते स्वतः. ज्याला सगळे आळस म्हणत होते, तो पत्ता चुकलेला राग होता. हे मला त्या क्षणी दिसले, याचे थोडे समाधान मला आजही वाटते.

हताशपणाकडे पाहण्याची माझी दृष्टी बरीचशी सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आली आहे. १९६० च्या दशकातल्या त्यांच्या प्रयोगांत, जे विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नव्हते ते सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागीच बसून राहिली. हाका मारून, खाऊ दाखवून ती उठेनात. दोरीला धरून पलीकडे नेल्यावर मात्र, आणि तेही पुनःपुन्हा नेल्यावर, ती स्वतःहून जाऊ लागली. २०१६ मध्ये याच दोघांनी आपला मूळ सिद्धांत उलटा करून मांडला: निष्क्रियता शिकावी लागत नाही, ती तर आपोआप येते, शिकावे लागते ते हे की काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सुविचार निरुपयोगी का ठरतात, हे यावरून कळावे. एखादी गोष्ट स्वतःच्या हाताने हलताना पाहावी लागते.

आमच्या पुढच्या भेटी याच कामाच्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा फेसिंग थांबवले. सगळा माल पुढच्या अर्ध्या भागात आणला, मागच्या अर्ध्या भागाचे दिवे मालवून दोरी बांधली. त्याआधी परवानगीचा मेल पाठवला होता. त्याचे उत्तर आले नाही. मोठ्या रिकाम्या दुकानाच्या जागी लहान पण भरलेले दुकान झाले आणि नऊ माणसांना झाडता येईल एवढीच फरशी उरली. विक्री वाढली का? फारशी नाही. पण सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी प्रथमच सांगितले, "पगार कधी होईल हे मला माहीत नाही, कळलं की त्याच दिवशी सांगीन." त्यानंतर अफवा कमी झाल्या, असे ते म्हणाले, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. हाताखालच्या माणसांना खोटा धीर लगेच ओळखू येतो.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आणखी दोन-तीन गोष्टी बजावते. निगा राखणे म्हणजे स्वतःचा खिसा रिकामा करणे नव्हे. हे गृहस्थ फिनेलच नव्हे, तर दुकानात काम करणाऱ्या दोन मुलांचे बसभाडेही स्वतः भरत होते, आणि ते थांबवायला सांगताना मला डाळीच्या पाकिटापेक्षा जास्त वाद घालावा लागला. गळणारे पाणी विजेच्या बोर्डाजवळ असेल तर तिथे मनोधैर्याचा प्रश्नच नसतो. तो भाग बंद करावा, लेखी कळवावे आणि प्रत जवळ ठेवावी. पीएफ पगारातून कापला गेला म्हणजे भरला गेला असे समजू नये. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा, आणि पासबुक मोबाइलवर पाहता येते. दुसरी नोकरी शोधण्यात विश्वासघात काही नाही. उलट ज्याने शोध सुरू केला आहे तो आजच्या कामाकडे अधिक मोकळ्या मनाने पाहतो, हा माझा अनुभव आहे.

शेवटच्या भेटीत त्यांनी पासबुकाची छापील प्रत आणली होती. चार महिन्यांच्या नोंदी नव्हत्या. तक्रार कशी करायची हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते आणि नऊही जणांच्या प्रती एकत्र केल्या होत्या. एका औषधांच्या गोदामात मुलाखत ठरली होती. तिथे बिलिंगलाही माणूस हवा आहे असे कळल्यावर तीन नंबरच्या बाईंचा अर्ज त्यांनी स्वतः बसून भरून दिला होता.

उठताना मी विचारले, "आणि ते पाकीट?"

"ते तेव्हाच उचललं," ते म्हणाले. "तुम्हाला सांगायचं राहिलं."