खिशात मावणारे पिस्तूल परवान्यात मावते का?

प्रश्न : माझा सराफीचा व्यवसाय आहे. रात्री दुकान बंद केल्यावर रोकड आणि थोडा माल माझ्यासोबत असतो. मध्यंतरी दुचाकीवरून माझा पाठलाग झाला. त्याची तक्रार मी नोंदवली आणि त्या आधारावर केलेल्या अर्जावरून मला नुकताच शस्त्र परवाना मिळाला आहे. परवान्यात ‘.३२ रिव्हॉल्व्हर’ अशी नोंद असून क्षेत्र महाराष्ट्र राज्य आहे. मला मात्र पँटच्या खिशात सहज मावेल आणि कोणाच्या नजरेस पडणार नाही असे लहान शस्त्र हवे आहे. एका परिचितांकडे .२५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास) जुने परदेशी पिस्तूल विकाऊ आहे, तर दुसरे एक गृहस्थ लहान ९ मिमी पिस्तूल मिळवून देतो म्हणतात. माल आणण्यासाठी शेजारच्या राज्यात जावे लागते. कधी माझ्याऐवजी धाकटा भाऊ जातो. सकाळी मुलीला महाविद्यालयात सोडून मी दुकानात जातो. मी कोणते शस्त्र घ्यावे, आणि ते खिशात बाळगणे कायदेशीर आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण शस्त्राची निवड त्यावरच अवलंबून आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसे बाळगावे हे सांगतो. त्यानुसार पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हे त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, अथवा पाठपिशवीसारख्या आवरणात असले पाहिजे. ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे. आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रभावी ताबा असला पाहिजे. उघडे शस्त्र मिरवणे, ते परजणे किंवा सार्वजनिक ठिकाणी हवेत बार काढणे यांना हा नियम स्पष्ट मनाई करतो. म्हणजे कोणाच्या नजरेस पडू नये ही जी आपली इच्छा आहे, ती कायद्याचीही अपेक्षा आहे, आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागण्याचे कारण नाही. अडचण खिशाची आहे. रुमाल, किल्ल्या आणि सुटे पैसे जेथे ठेवतो त्याच खिशात नुसते सरकवलेले पिस्तूल झाकलेले असेल, पण ते होल्स्टरमध्ये नाही आणि अंगाला जोडलेलेही नाही. त्यामुळे झाकण्याची अट पुरी होते, होल्स्टरची होत नाही.

खिशात बसणारी लहान होल्स्टरे बाजारात मिळतात आणि विक्रेते ती नियमात बसतात असे सांगतात. ‘तत्सम आवरण’ या शब्दांच्या आधारे तसा युक्तिवाद करता येईल हे खरे. पण खिशातले सुटे आवरण शस्त्राबरोबरच बाहेर येऊ शकते, आणि ‘अंगाला जोडलेले’ हे शब्द पाहता माझ्या अशिलाने या युक्तिवादावर स्वतःचा परवाना पणाला लावावा असे मी सुचवणार नाही. सदऱ्याच्या किंवा जाकिटाच्या आत कमरपट्ट्याला घट्ट बसणारे, चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर घेतल्यास वादाला जागाच उरत नाही. नियमाचा भंग झाल्यास परवाना रद्द होऊ शकतो, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम किरकोळ वाटली तरी सराफाच्या दृष्टीने खरे नुकसान परवाना जाण्यात आहे, कारण एकदा रद्द झालेला परवाना पुन्हा मिळवणे पहिल्यांदा मिळवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

आता परवान्यावरील नोंदीकडे वळू. आपल्याला ‘.३२ रिव्हॉल्व्हर’ची परवानगी आहे. कोणतेही पिस्तूल, मग ते कितीही लहान असो, या नोंदीत बसत नाही. रिव्हॉल्व्हर (काडतुसे फिरत्या चक्रात असणारे) आणि पिस्तूल (काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असणारे) दोन्ही हँडगनच, म्हणजे हातात मावणारी शस्त्रेच, असल्यामुळे एकाच्या परवान्यावर दुसरे चालते अशी एक सोयीस्कर समजूत बाजारात रूढ आहे. तिच्यावर विसंबू नये. नोंद बदलून हवी असल्यास कलम १७ खाली परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करावा आणि बदललेली नोंद हातात पडल्यावरच खरेदी करावी. नोंदीबाहेरचे शस्त्र जवळ सापडले तर पोलिस ते विनापरवाना शस्त्र मानून कलम २५(१ब) लावू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे.

९ मिमीचा प्रस्ताव आपण आजच, आणि शक्य तितक्या कमी शब्दांत, नाकारावा. सैन्य आणि पोलिस वापरतात ती ९ मिमीची काडतुसे ज्यात बसतात असे पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरचे ठरते. त्याचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत जातो. परदेशी व्हिडिओंमध्ये खिशात मावणारी म्हणून जी छोटी पिस्तुले कौतुकाने दाखवतात, त्यांतील बहुसंख्य याच बोअरची असतात आणि आपल्या प्रश्नामागे तेच कौतुक असावे असा माझा अंदाज आहे. असे शस्त्र कोणी ‘मिळवून देतो’ म्हणत असेल तर ते चोरीचे, तस्करीचे किंवा गावठी बनावटीचे असण्याचीच शक्यता अधिक. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास कलम २५(१अ) खाली किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची कैद होते, आणि हातात दुसऱ्या शस्त्राचा वैध परवाना असणे हा त्यावर बचाव होऊ शकत नाही.

.२५ बोअरच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. हे बोअर निषिद्ध नाही, आणि परवान्यात तशी नोंद करून घेतल्यास ते घेता येईल. खासगी व्यक्तींसाठी शस्त्र आयात गेली अनेक दशके बंद असल्यामुळे जुनी परदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहतात, आणि त्यांची किंमत उपयोगापेक्षा दुर्मिळतेवर ठरते. परिचित विक्रेता स्वतः परवानाधारक आहे का, त्याच्या परवान्यावर याच क्रमांकाचे शस्त्र नोंदलेले आहे का, आणि नळीवरचा क्रमांक खोडलेला किंवा बदललेला नाही ना, हे आधी पाहावे. कलम ५(२) प्रमाणे विक्रेत्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी माहिती दिल्यावर किमान पंचेचाळीस दिवस उलटल्याखेरीज शस्त्र आपल्या हाती देता येत नाही. ‘तोवर तुमच्याकडेच राहू द्या’ अशा विश्वासाच्या देवघेवीत दोघेही आरोपी होतात. त्या बोअरची काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडे नियमितपणे मिळतात का, हेही पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. काडतुसांसाठी चोरवाट शोधावी लागणारे शस्त्र आपल्याला सुरक्षित ठेवणार नाही.

मी शस्त्रतज्ज्ञ नाही, तरीही वकील म्हणून मला निवडीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात : शस्त्र हातातून पडल्यास गोळी सुटू नये, आणि चापावर नकळत दाब पडू नये. जुन्या लहान पिस्तुलांत आणि काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत आघाताने बार उडू न देणारी अंतर्गत योजना नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायाला लागली, हे आपण वाचले असेल. अशी गोळी रस्त्यावर दुसऱ्या कोणाला लागली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली, म्हणजे बेदरकारपणे किंवा हलगर्जीपणाने शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ पुढे येते. त्यामुळे आपल्या परवान्यावर आज जी नोंद आहे, तीच मला आपल्यासाठी योग्य वाटते. कानपूरच्या कारखान्यातून २०१४ मध्ये आलेले .३२ चे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे; २०२३ मधील ‘प्रबल’ त्याहून जड, सुमारे ७०० ग्रॅमचे आहे. दोन्ही खिशासाठी मोठी, पण कमरेच्या होल्स्टरमध्ये सैलसर सदऱ्याखाली सहज दिसेनाशी होणारी आहेत. इशापूरचे .३२ ‘अशनी’ पिस्तूल अधिक चपटे असल्याने अनेकांना आवडते, पण त्यासाठी नोंद बदलावी लागेल. विक्रेत्याच्या दुकानात रिकामे शस्त्र होल्स्टरसह कमरेला लावून, बसून आणि वाकून पाहावे. आकाराबद्दलचा आपला निर्णय तेथेच होईल.

शेजारच्या राज्यात आपण शस्त्र नेऊ शकत नाही. परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते आहे आणि सीमा ओलांडताच तो परवाना आपल्याला संरक्षण देत नाही. हा केवळ अटीचा भंग की विनापरवाना ताबा, म्हणजे कलम ३० की कलम २५, हा वाद पुढे न्यायालयात चालतो. पण तोपर्यंत शस्त्र जप्त झालेले असते आणि आपण परक्या ठिकाणी जामिनासाठी धावत असता. खरेदीची बिले, मालाच्या वाहतुकीची कागदपत्रे आणि पाठलागाच्या तक्रारीची प्रत जोडून क्षेत्रवाढीचा अर्ज करावा. तो मंजूर होईपर्यंत त्या प्रवासात शस्त्र घरी कुलपात ठेवावे आणि माल विमा उतरवलेल्या वाहतुकीने आणावा.

महाविद्यालयाबद्दल आपण सहज लिहिले आहे, पण मला त्याचीच अधिक काळजी वाटते, कारण ही चूक रोज घडणार आहे. परवान्याच्या अटींनुसार विशेष परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा अन्य सार्वजनिक मेळावा आणि शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेता येत नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर मुलीला उतरवणे वेगळे आणि आवारात गाडी नेणे वेगळे. गाडी फाटकाबाहेर लावून शस्त्र गाडीत ठेवून आत जाणे हा उपाय अनेकांना सुचतो, पण त्यात प्रभावी ताब्याची अट मोडते आणि गाडीची काच फुटल्यास आपले शस्त्र गुन्हेगाराच्या हाती जाते. तसे झाल्यास पोलिस ठाण्यात तत्काळ कळवणे बंधनकारक आहे, आणि पहिला प्रश्न ते गाडीत का होते हाच विचारला जाईल. धोका रात्रीच्या परतीच्या वाटेवर आहे. सकाळी महाविद्यालयाकडे जाताना शस्त्र सोबत असण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय सण आणि निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यांतून परवानाधारकांना किती सूट आहे हे प्रत्येक आदेश वाचूनच ठरवावे.

भावाने आपले शस्त्र घेऊन जाणे पूर्णतः बेकायदा ठरेल. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये दुसऱ्याने शस्त्र नेण्याची मुभा आहे, पण ती परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा लेखी अधिकारपत्राने, आणि केवळ दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर यांसाठी आहे. भावाने स्वतःच्या संरक्षणासाठी ते बाळगणे यात बसत नाही. अशा वेळी शस्त्र देणारे आपण आणि घेणारा तो, दोघांवरही गुन्हा नोंदवला जाईल.

आपण विचारले नाही, तरी शस्त्र वापरण्याची वेळ आली तर काय, हे सराफाने जाणून घेतलेच पाहिजे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाचा अधिकार देतात आणि जबरी चोरीच्या वेळी कलम ४१ प्रमाणे तो प्राण घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. मात्र कलम ३७ प्रमाणे संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीच्या बाबतीत हा अधिकार तत्काळ मृत्यू, इजा किंवा अडवणूक यांची भीती असेपर्यंतच टिकतो. बॅग हिसकावून दुचाकीवरून पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी या संरक्षणाबाहेर जाते, मग बॅगेत कितीही सोने असो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची तत्त्वे एकत्र मांडली आहेत : प्रसंगाच्या तणावात माणसाने सोनाराच्या काट्यावर प्रतिकार तोलावा अशी अपेक्षा न्यायालय ठेवत नाही, पण सूड उगवण्याला ते संरक्षण देत नाही. वाहनाच्या धडकेवरून झालेल्या भांडणात धाक दाखवण्यासाठी शस्त्र बाहेर काढणे हा तर कलम ३५१ खालील गुन्हेगारी धाकदपटशाच होईल.

काडतुसांबाबत एक खबरदारी. जाकिटात किंवा प्रवासी बॅगेत विसरलेले एखादे जिवंत काडतूस विमानतळावरच्या तपासणीत सापडणे ही नेहमीची घटना आहे. संजय दत्त प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे असे म्हटले आहे आणि त्या आधारावर अनेकांना दिलासाही मिळतो. पण तो विमान चुकल्यावर आणि गुन्हा नोंदवला गेल्यानंतर मिळतो. काडतुसे मोजून एकाच कुलूपबंद जागी ठेवावीत आणि ज्या बॅगेतून ती कधी नेली असतील ती बॅग प्रवासासाठी वापरू नये.

तूर्त आपण परवान्याची आणि तक्रारीची सत्यप्रत घेऊन परवाना शाखेत क्षेत्रवाढीचा अर्ज द्यावा, आणि पिस्तूलच हवे असेल तर नोंद बदलण्याचा अर्जही त्याच भेटीत द्यावा. दोन्हींची दिनांकित पोच जपून ठेवावी. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत, कारण शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खालील अपिलाची मुदत त्या आदेशापासून मोजली जाते. भावाला खरोखर गरज असेल तर त्याने त्याच्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा. त्याच्याही प्रवासाची कागदपत्रे आजपासूनच जमवायला लागावे.