आधी कोंबडीचं पंचांग, मग हप्त्याचं

प्रश्न : आम्ही अकोले तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घरी दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. आता ४० सुधारित पिल्लं आणून धंदा वाढवायचा विचार आहे. एक मायक्रोफायनान्स कंपनी ३०,००० रुपये द्यायला तयार आहे, आठवड्याला ६८० रुपये हप्ता, असे ५० हप्ते. आमच्या बचत गटातून १५,००० मिळतील, महिना शेकडा दोननं. घरधनी म्हणतात, जास्त मिळतायत तर जास्त घे. काय करू?
*– एक वाचक भगिनी, ता. अकोले*

उत्तर : ताई, गटाचे १५,००० घ्या.

कंपनीला तुम्ही एकूण ३४,००० परत करणार. वरचे ४,००० म्हणजे तेरा टक्के, असं वाटतं. पण मुद्दल तुम्ही दर आठवड्याला फेडत असता, त्यामुळे वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे असते. त्या हिशोबानं व्याज सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर जातं. गटाचं शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस. तेही स्वस्त नाही, पण ते गटाच्याच पेटीत राहतं आणि त्यात तुमचा वाटा असतो. गट जुना आणि हिशोब चोख असेल, तर ‘उमेद’च्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ताईंना बँक जोडणीचं (गटाला बँकेचं कर्ज मिळण्याचं) विचारा. महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळण्याची सोय आहे. ते आलं तर गटालाही सभासदांचं व्याज उतरवता येईल.

पण माझा जीव व्याजात अडकलेला नाही, हप्त्याच्या तारखेत आहे. कंपनीचा माणूस लगेच पुढच्या आठवड्यापासून वाडीत येऊन बसणार. कोंबडी मात्र साडेपाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही. तुम्ही महिन्याची पिल्लं आणलीत तरी पहिलं अंडं दिसेपर्यंत वीस हप्ते, म्हणजे १३,६०० रुपये गेलेले असतील. कुठून? मजुरीतून, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करताना मी रोगानं रिकामी झालेली खुराडी पाहिली, तशी हप्त्यासाठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, विकून रिकामी झालेलीही पाहिली. अंड्यावर यायला पंधरा दिवस राहिलेली तलंग कापायच्या भावानं गेली की धंदा संपला.

म्हणून गटात ठराव करून घ्या : पहिले तीन महिने फक्त व्याज, म्हणजे महिना ३००, आणि मुद्दल चौथ्या महिन्यापासून. गटात हे बोलता येतं. कंपनीच्या छापील कागदावर येत नाही.

पिल्लं चैत्राच्या अखेरीस आणा. ४० मध्ये साधारण निम्मे नर निघतात. आषाढात ते साडेतीन महिन्यांचे होतात आणि आखाडाला गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक घर शोधत येतं. श्रावण लागला की तोच कोंबडा फुकटचे दाणे खात हिंडतो, तेव्हा दीप अमावास्येच्या आत सगळे नर काढा. मुद्दलाचा पहिला मोठा तुकडा तिथेच फिटतो. माद्या नवरात्राच्या आगेमागे अंड्यावर येतात. ते दिवस मंदीचे, पण पाठोपाठ थंडी पडते आणि अंड्याला मागणी चढते.

आता १५,००० कशावर घालायचे. निम्म्याहून जास्त पक्ष्यांवर घालू नका. आधी खुराडं : जमिनीपासून दोन फूट उंच, खाली फळ्या किंवा बांबूच्या कामट्या, बाजूनं बारीक जाळी. मुंगसाला मनगटाएवढं भोक पुरतं आणि ते एका रात्रीत खाण्यापेक्षा मारून जास्त टाकतं. एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण तुमच्याकडे नकोत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते. रात्री वीज गेली की ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि सकाळी खालची चिरडलेली सापडतात. महिनाभर वाढवलेली, लासोटा आणि गंबोरो या लसी झालेली पिल्लं घ्या. वनराज किंवा गिरिराज, दोन्ही परसात तगतात. फक्त ह्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि त्यांची पुढची पिल्लं आईच्या गुणाची निघत नाहीत. म्हणून तुमच्या गावठी दहा-बारा मोडीत काढू नका, घरची पैदास त्यांच्याच जिवावर चालेल. संध्याकाळी खुराड्यात घेताना पक्ष्यामागे मूठभर कणी, नागली किंवा भरडलेला मका. बाकी पोट ते परसात भरतात.

आणि लस. परसातल्या कोंबड्यांचं खरं दिवाळं राणीखेत काढते, तुमच्याकडे तिला मानमोडी म्हणत असतील. हिरवी हगवण, मान वाकडी, आणि आठवड्याभरात अंगण मोकळं. औषध नाही, फक्त लस आहे. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत टोचायची, त्याआधी सहाव्या आठवड्यात देवीची. अडचण अशी की लसीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी म्हणून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही नुसतं पाणी टोचता. चाळीस पक्ष्यांसाठी कोणी कुपी फोडत नाही, म्हणून लस राहून जाते. तेव्हा वाडीतल्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवा. पशुसखीला (गावात जनावरं-कोंबड्यांची काळजी घ्यायला शिकवलेल्या ताईला) थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायला सांगा. भल्या पहाटे, पक्षी खुराड्यातच असताना टोचा. शेजारणीच्या कोंबड्या राहिल्या तर रोग तिच्या अंगणातून तुमच्याकडे येतो, त्यामुळे तिचे दोन-चार रुपये तुम्ही भरलेत तरी स्वस्तच.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ ह्या संस्थेनं १९८० च्या दशकात पशुसंवर्धन खात्याबरोबर हेच बसवलं होतं. गावातली एक बाई लस टोचणार, दुसरी पिल्लं आठ आठवड्यांची करून विकणार, बाकीच्या कोंबड्या पाळणार, आणि प्रत्येकीला तिच्या कामापुरतं छोटं कर्ज. तुमच्या गटात दहा जणी असतील, तर दहाही जणींनी पिल्लंच आणायची गरज नाही. एकीनं पिल्लं वाढवण्यासाठी कर्ज घेतलं तर पुढच्या वर्षी तुमची हॅचरीची फेरी वाचेल.

घरधन्यांना सांगा, दुसऱ्या वर्षी ८० करू. तेव्हा भांडवल अंड्यांचंच असेल.

प्रश्न : मी बारावी झालो आहे. मुद्रा योजनेतून ४ लाख घेऊन कंपनीच्या करारावर ब्रॉयलरचं शेड टाकावं का?
*– एक तरुण वाचक, ता. सिन्नर*

उत्तर : दादा, हा धंदाच वेगळा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, पाणी, वीज, मेहनत तुझी, मोबदला किलोवर. लॉट चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो, पण पुढचा कधी टाकायचा ते कंपनी ठरवते आणि बँकेचा हप्ता रिकाम्या शेडलाही लागतो. आजूबाजूच्या चार शेडवाल्यांना किलोचा दर विचारू नकोस, गेल्या वर्षी शेड किती दिवस मोकळं राहिलं ते विचार. त्यांच्या वर्षभराच्या पावत्यांत तुझा हप्ता बसत असेल तरच पुढे हो.

प्रश्न : कर्ज काढून घेतलेल्या कोंबड्या रोगानं गेल्या. भरपाई मिळेल का? वसुलीवाले रात्री आठला दारात बसतात, गटातल्या बायकाही टोमणे मारतात.
*– एक भगिनी, जि. नंदुरबार*

उत्तर : भरपाईची आशा धरू नका. २००६ साली तुमच्याच नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हापासून लोकांच्या डोक्यात भरपाई बसली आहे, पण ती साथ रोखायला सरकारनं स्वतः नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते. राणीखेतीनं मेलेल्यांना नाही.

वसुलीचं मात्र ऐकून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला गाठायचं नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत, तरच घरी यायचं. शिवीगाळ, धमकी चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे पाहणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. तुम्हाला कळेल अशा भाषेतलं कर्ज कार्ड त्यांनी द्यायलाच हवं. ते नसेल तर पहिली मागणी तीच करा.

शाखेत लेखी अर्ज द्या : कोंबड्या कधी गेल्या, किती हप्ते भरले, हप्ता कमी करून मुदत वाढवून हवी. पोच घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला मिळाला तर जोडा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि हा खड्डा बुजवायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज उचलू नका, कितीही गोड बोलून देऊ केलं तरी.