मानसिक आजार असलेली व्यक्ती उपासनेत सहभागी होत नसेल, तर तिचा विश्वास कमी पडला असे समजावे का?

आपण लिहिले आहे की, आपल्या मंडळीतील (चर्चमधील) एक भगिनी नैराश्यावरील औषधे घेते, उपासनेत गात नाही, उभीही राहत नाही. तिच्यासाठी प्रार्थनेखेरीज काय करावे, असेही आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे पाळकीय सेवेत आहे आणि तिच्या विश्वासाचे माप असे काढू नये, हे प्रथम स्पष्ट सांगतो.

आपल्या उपासनेत शरीराला बरेच काम असते: उभे राहणे, गुडघे टेकणे, हात उंचावणे, हसून शांतीचे अभिवादन करणे, साक्ष देणे म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगणे. निरोगी माणसाला त्याचे ओझे जाणवत नाही. पण अंथरुणातून उठण्यातच जिची सगळी शक्ती खर्च झाली आहे, तिला चेहऱ्यावर आनंद आणून ‘प्रभूची कृपा आहे’ म्हणणे हे नाटक वठवण्याइतके थकवणारे असते. त्यातच काही औषधांनी हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, कधी एका जागी बसवतही नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी एका गृहस्थांचा प्याला असाच कापत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी द्राक्षारस मनगटावर ओघळला, आणि पुढच्या खेपेस ते जागेवरून उठलेच नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन तासभर विश्वासाविषयी बोललो, हाताविषयी मात्र एक शब्दही विचारला नाही. ती चूक उमगल्यावर आम्ही भाकर द्राक्षारसात बुडवून त्यांना बसल्या जागी देऊ लागलो.

बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. तो त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न होरेब डोंगराला पोहोचल्यानंतर येतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील पाळक अँटन बॉइसन यांना १९२० साली स्वतःच मनोरुग्णालयात राहावे लागले होते. पुढे ते वुस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लिन (रुग्णालयातील पाळक) झाले आणि १९२५पासून त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तेथे शिकण्यासाठी आणले. हे विद्यार्थी वॉर्डात परिचर म्हणून राबत, म्हणजे रुग्णाला समजून घेण्याची सुरुवात त्याच्या रोजच्या देखभालीतून होई.

म्हणून त्या भगिनीला सांगा की, तिने बसून राहिले तरी चालेल, मध्येच बाहेर गेली तरी चालेल. तिच्याकडे साक्ष मागू नका. भेटीला गेल्यावर झोप, जेवण आणि औषधांविषयी विचारा, औषधे थांबवण्याचा सल्ला चुकूनही देऊ नका, आणि प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी तिची परवानगी घ्या. वाचायचेच असेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपते आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. ती भगिनी मरणाविषयी बोलू लागली, तर जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. प्रार्थना वाटेत करता येईल.