पेपरमध्ये उसाच्या प्रयोगाचे आकडे टेबलमध्ये द्यावेत की ग्राफमध्ये? रिव्ह्यूअर म्हणतोय डेटा नीट कळत नाही

टेबल की ग्राफ ते नंतर बघू, आधी ते चार-चार दशांश काढा ओ. 112.4738 टन प्रति हेक्टर लिहिलं म्हणजे हेक्टरभर ऊस तुम्ही शंभर ग्रॅमपर्यंत बरोबर मोजला असं होतं, आणि आपल्या कोल्हापुरात काट्यावरनं दर सीझनला भांडणं, कोण विश्वास ठेवणार? 112.5 लिहा, बास. एक्सेलनं दिलं म्हणून सगळं छापायचं नसतं.

दुसरं, प्लस-मायनस 5.2 दिलाय पण तो एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) की एसई (स्टँडर्ड एरर), कुठंच लिहिलेलं नाही. लई फरक पडतो त्यानं. एसडीला n च्या, म्हणजे रेप्लिकेशनच्या (एकाच खताचे किती प्लॉट घेतले त्या) संख्येच्या वर्गमूळानं भागलं की एसई येतो, म्हणजे तुमच्या तीन रेप्लिकेशनला 5.2 हा एसई असेल तर एसडी 9 च्या घरात जातो. प्लॉट-प्लॉटमध्ये किती फरक पडला ते एसडी सांगतो, आणि सरासरी किती भरवशाची ते एसई. बरीच पोरं एसई टाकतात कारण एरर बार, म्हणजे ग्राफवर हा प्लस-मायनस दाखवणाऱ्या रेघा, आखूड दिसतात. टाका की, पण खाली लिहा तरी, n सकट.

आता ग्राफ. तुम्ही बारचा अक्ष 100 पासून चालू केलाय, त्यामुळं 104 चा बार 4 उंच आणि 112 चा 12, बघणाऱ्याला वाटतं नव्या खतानं ऊस तिप्पट झाला, खरा फरक 8 टक्क्याच्याही आत. बार काढायचा तर शून्यापासनंच. त्यात फरक दिसत नसेल तर बार सोडा आणि ठिपके काढा, तिथं डोळा लांबी मोजत नाही, जागा बघतो, त्यामुळं अक्ष शून्यापासनं नसला तरी चालतंय. तीनच रेप्लिकेशन आहेत तर तिन्ही ठिपके दाखवा, लपवायचंय काय त्यात?

आणि कंट्रोलची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या प्लॉटच्या उताऱ्याची, एक आडवी तुटक रेघ मारा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याला पाणी 41 फूट म्हटलं की आपल्याला लगेच कळतं, कारण 39 ला इशारा आणि 43 ला धोका हे डोक्यात पक्कं असतं. तुमच्या वाचकाला तसलं काहीच माहीत नसतं, त्याला ती रेघ तुम्हीच द्यायची. T1, T2 असल्या कोडच्या जागी खताची नावं घाला, सारखं वर-खाली बघायला लावू नका. थ्रीडी पाय चार्टचं नावच काढू नका.

तुमचा मुद्दा चार खतांच्या तुलनेचा आहे, म्हणून मी ग्राफ पेपरात ठेवला असता आणि पूर्ण टेबल सप्लिमेंटरीत, म्हणजे पेपरला जोडलेल्या जादा फाईलीत, ज्याला नेमके आकडे घेऊन पुढं हिशोब करायचाय तो तिथनं घेईल. तेच आकडे दोन्हीकडं छापू नका, रिव्ह्यूअर परत तेवढ्यावरनं पेपर माघारी धाडेल.