टेबल टेनिसमध्ये नेट किंवा एजचा पॉइंट मिळाल्यावर सॉरी म्हणायलाच हवं का? आणि १०-० असताना समोरच्याला एक पॉइंट सोडावा का?

हो, हात वर करायचा. बॉल नेटला घासून पलीकडे पडला किंवा काठाला लागून निसटला की हात वर करून समोरच्याकडे बघायचं आणि पुढच्या पॉइंटला लागायचं. पॉइंट परत द्यायचा नसतो, पण त्यावर मूठ आवळून ओरडायचंही नसतं. हे बहुतेक सगळे पाळतात, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. खरी परीक्षा उलट बाजूने असते: समोरच्याचा बॉल तुमच्या काठाला लागला, तुम्हाला दिसला आणि अंपायरला नाही दिसला, तर?

माझ्यावर ही वेळ क्लबच्या स्पर्धेत सेमीफायनलला आली. पाचवा गेम, ९-९. समोरच्याने माझ्या बॅकहँडला लांब टॉपस्पिन मारला. टेबलावर नीट टप्पा पडला की आवाज भरीव येतो. हा आवाज बारीक, कोरडा आला, आणि बॉल मागच्या कडेवरून तिरका उडून माझ्या कोपराजवळून गेला. अंपायर म्हणाला बाहेर, पॉइंट मला. मी कडेवर बोट ठेवून सांगितलं, "लागला." त्याने निर्णय फिरवला. पुढचा पॉइंटही गेला आणि मॅच गेली.

माझा डबल्सचा पार्टनर बाहेर बसला होता. "अंपायर कशाला बसवलाय मग? आपल्याविरुद्ध चुकीचे निर्णय जातात तेव्हा कोण येतं परत द्यायला?" हे त्याने तेव्हाही ऐकवलं आणि आजही चार लोक जमले की ऐकवतो.

त्याचं मला अजिबात पटत नाही. अंपायर बसतो नेटच्या रेषेत, टेबलापासून थोडा लांब. टेबल २.७४ मीटरचं, म्हणजे मागची कड नेटपासून १.३७ मीटर. ती त्याला तिरकी दिसते, आणि मी हाताच्या अंतरावर उभा असतो. त्याला दिसलं नाही म्हणून घडलेलं बदलत नाही. शिवाय आपण जेवढं खेळतो त्यातलं बहुतेक अंपायरशिवायच खेळतो. तिथे ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याचा शब्द चालतो, आणि तिथे माझा हाच पार्टनर स्वतःहून "लागला" म्हणतो. मग रोजच्या खेळात खरं बोलायचं आणि स्पर्धेत तोंड मिटून बसायचं, हा कुठला न्याय?

मात्र वरची कड आणि उभी बाजू यात गल्लत करू नका. बॉल वर किंवा पुढे उडाला तर बहुधा वरच्या कडेला लागलेला असतो, पॉइंट त्याचा. लागून सरळ खाली गेला तर बाजूला लागलेला असतो, पॉइंट तुमचा. खात्री नसेल तर उगाच दानशूर होऊ नका. अंपायर असेल तर त्याचा निर्णय घ्या, नसेल तर लेट धरून, म्हणजे पॉइंट कुणालाच न देता, परत खेळा. आणि समोरच्याला "खरं सांग, लागला ना?" असं कधीही विचारू नका. सांगायचं असेल तर तो सांगेल.

१०-० चं म्हणाल तर मी सोडत नाही. चिनी खेळाडूंमुळे ही पद्धत पसरली, पण मुद्दाम नेटमध्ये मारलेली सर्व्हिस मला तरी अपमान वाटते. २००१ पासून गेम २१ ऐवजी ११ चा झाला, ११-० आता तितकं अघटितही राहिलं नाही. अर्थात, तुम्ही खेळता तिथे सगळेच सोडत असतील तर त्यावरून वाद घालू नका. लहान मुलांशी खेळताना तर हिशेबच वेगळा.

आणि मॅचआधी बॅट दाखवणं हा शिष्टाचार नव्हे, लेखी नियम आहे. लाँग पिंपल्सवाल्यांनी, म्हणजे बॅटला लांब दाण्यांचं फसवं रबर लावणाऱ्यांनी, विचारण्याची वाट बघू नये.

डबल्समध्ये पॉइंट दोघांचा असतो, त्यामुळे हे आधीच बोलून घ्या. मी माझ्या पार्टनरला सांगून टाकलंय: काठाला लागलेला मला दिसला तर मी बोलणार. चालत नसेल तर त्याने दुसरा पार्टनर बघावा.