‘टर्शरी सेक्टर’ म्हणजे काय? सेवा क्षेत्राला ‘तिसरं’ का म्हणतात, ते खालच्या दर्जाचं असतं का?

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायलाच बसले. आमच्या घरात हा प्रश्न बरीच वर्षं दर गणपतीत निघतो, आणि एकदा तर त्यावरून माझा दादा भरल्या ताटावरून उठला होता.

तर, नाही. खालच्या दर्जाचं अजिबात नसतं. टर्शरी म्हणजे तिसरं, पण क्रमाने तिसरं. जमिनीतून, समुद्रातून मिळवलं ते पहिलं. त्याची वस्तू बनवली ते दुसरं. ती वस्तू पोचवायची, विकायची, दुरुस्त करायची, माणसाला शिकवायचं, बरं करायचं, जेवू घालायचं, ते सगळं तिसरं. ॲलन फिशर या न्यूझीलंडच्या अर्थतज्ज्ञाने १९३५ साली हे तीन भाग मांडले आणि १९४० मध्ये कॉलिन क्लार्कने निरनिराळ्या देशांच्या आकड्यांनी ते पुढे नेले. उत्पन्न वाढतं तशी माणसं पहिल्यातून दुसऱ्यात आणि मग तिसऱ्यात सरकत जातात, असं त्यांचं म्हणणं. यात कमीपणा कुठे आला? आपल्याकडे घोळ होतो तो ‘वर्ग ३’मुळे. तृतीय श्रेणी कर्मचारी हे शब्द कानात इतके बसलेत की ‘तृतीयक क्षेत्र’ म्हटलं की सरकारी कचेरीतली उतरंडच डोळ्यांपुढे येते.

आता दादाचं सांगते. दादा रबाळे एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे. मी महापेला एका हाउसकीपिंग ठेकेदाराकडे अकाउंट्स बघते. माझ्या प्रत्येक बिलावर ९९ने सुरू होणारा सेवेचा कोड असतो, वर १८ टक्के जीएसटी. दादाचं म्हणणं, “आम्ही वस्तू बनवतो, तुम्ही नुसती बिलं बनवता. म्हणून तर तुमचा नंबर तिसरा.” हे तो बाबांसमोर म्हणतो, याचा मला जास्त राग येतो.

कारण बाबा आयुष्यभर कँटीनला होते. वागळे इस्टेटमधली एक इंजिनिअरिंग कंपनी, आम्ही राहायला किसन नगरला. बाबा पहाटे साडेचारला चालत निघायचे. पहिली पाळी आत यायच्या आधी चहाची दोन पिंपं भरलेली आणि पोह्यांची परात झाकलेली असायला हवी. पोहे कोरडे पडू नयेत म्हणून ते परातीवर ओलं फडकं टाकायचे आणि दर दहा मिनिटांनी त्यावर पाण्याचा हबका मारायचे. सुट्टीत मी कधी डबा द्यायला गेले तर गेटवरूनच फोडणीचा वास यायचा. कारखाना अधिनियमाप्रमाणे २५०हून जास्त कामगार असले की कँटीन ठेवावंच लागायचं, तेव्हा बाबा कंपनीच्या मस्टरवर होते. कायम. टोकन नंबर, बोनस, सगळं फिटरसारखंच.

एका वर्षी कंपनीने कँटीन ठेक्याला दिलं. बाबांना हिशेब देऊन मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराच्या हजेरीवर घेतलं. तीच भट्टी, तीच परात, तोच झारा. बदलला तो गेटपास. जुन्यावर फोटो आणि टोकन नंबर होता, नव्यावर लाल शाईत ‘कॉन्ट्रॅक्ट लेबर’ असा शिक्का. त्या दिवाळीला कामगार मिठाईच्या डब्यासाठी रांगेत उभे राहिले आणि बाबांनी त्या रांगेला चहा दिला. डबा त्यांना नव्हता. घरी येऊन काही बोलले नाहीत, आईने विचारलं तर “यंदा उशिरा देणार आहेत” म्हणाले.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा आहे की सरकारी वर्गीकरण माणसाच्या हातातलं काम बघत नाही, त्याला कामावर ठेवणाऱ्या आस्थापनेचा मुख्य धंदा बघतं. कंपनीच्या मस्टरवरचा आचारी वस्तुनिर्माणात मोजला जातो, म्हणजे दुसऱ्या क्षेत्रात. ठेकेदाराकडचा आचारी खानपान सेवेत, म्हणजे तिसऱ्यात. ३१ मार्चच्या रात्रपाळीचा चहा बाबांनी दुसऱ्या क्षेत्रात राहून केला आणि १ एप्रिलचे पोहे तिसऱ्यात जाऊन. वॉचमन, माळी, झाडूवाल्या मावशी, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, सगळ्यांचं असंच झालं. सेवा क्षेत्र वाढलं असं ऐकतो त्यातला थोडा भाग हा असा, मस्टर बदलून झालेला आहे. दादाला मी हेच विचारते, बाबांचं काम एका रात्रीत हलकं झालं का?

सेवा म्हणजे खरं काम नव्हे हा समज दादाने शोधलेला नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये घरगडी, वकील, वैद्य, गवई यांचे श्रम अनुत्पादक ठरवले होते, कारण त्यातून पुढे विकता येईल अशी वस्तू उरत नाही. माझ्या मते तो साफ चुकला. पोहे खाल्ले की संपतात, पण ते खाऊन माणूस आठ तास लेथवर उभा राहतो.

वापराबद्दल राहिलंच. टर्शरी सेक्टर आणि सर्व्हिस सेक्टर एकच, पहिला शब्द पुस्तकातला, दुसरा रोजचा. मराठीत ‘तृतीयक’ परीक्षेच्या पेपरात लिहा, एरवी ‘सेवा क्षेत्र’ म्हणा. फक्त ‘सर्व्हिसला असणं’ याच्याशी गल्लत करू नका. आपल्याकडे कारखान्यातला माणूसही ‘सर्व्हिसला’ असतो, तिथे सर्व्हिस म्हणजे पगाराची नोकरी.

आणि सेवा क्षेत्र म्हणजे ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती एवढंच समजू नका. तुर्भ्याच्या एपीएमसीत गोणी उचलणारा माथाडीही त्यातच, उरणला कंटेनर ओढणारा ट्रेलरवालाही त्यातच. देशाच्या सकल मूल्यवर्धनात, म्हणजे देशात सगळ्यांनी मिळून केलेल्या मूल्याच्या एकूण भरीत, निम्म्याहून जास्त वाटा या क्षेत्राचा आहे, पण काम करणाऱ्या दहांपैकी जेमतेम तीन माणसं त्यात आहेत. म्हणजे भरपूर कमावणारे थोडे आणि बाबांसारखे पुष्कळ, दोघांची सरासरी एकत्र निघते.

दादाची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ठेक्यावरच्या माणसाला पगार कमी आणि उद्याची शाश्वती नाही, हे तो म्हणतो ते खरं आहे, मी स्वतः ती पगारपत्रकं बनवते. पण तो दोष ठेक्याचा, क्षेत्राचा नाही. त्याच्या शॉपवर आता निम्मी पोरं ठेक्याची आहेत, आणि ती दुसऱ्या क्षेत्रातलंच काम करतात. दादा, हे वाचलंस तर यंदा बाबांसमोर तरी ‘तिसरा नंबर’ म्हणू नकोस.

परीक्षेसाठी विचारलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत बांधकाम आणि वीज-पाणीपुरवठा द्वितीयकमध्ये धरतात, सेवेत नाही. खाणकाम प्राथमिकमध्ये धरतात, पण काही ठिकाणी ते उद्योगात टाकलेलं दिसेल, तेव्हा तुमच्या पाठ्यपुस्तकात जे असेल तेच लिहा.