डॅशबोर्ड झकास झालाय, पण उघडतंय कोण?

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहिलं होतं की कुणी स्वतःच्या कामासाठी डॅशबोर्ड, म्हणजे सगळी कामं एका नजरेत दाखवणारं पान, वगैरे बनवला असेल तर कळवा. फोटोच फोटो आले! काही तर इतके देखणे की फ्रेम करून लावावेत. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोखाली एकच रडगाणं, ताई, बनवलाय पण वापरला जात नाही. त्यातल्या पाच जणांना आज उत्तरं देतेय.

ताई नमस्कार. मी सांगलीत टॅक्स कन्सल्टंट आहे. छोटं ऑफिस, मी आणि दोन असिस्टंट, क्लायंट साठेक. दिवाळीच्या सुट्टीत यूट्यूबवर बघून नोशन नावाच्या अॅपमध्ये डॅशबोर्ड बनवला, तीन रात्री जागलो. वर घड्याळ, बाजूला हवामान, रोज बदलणारा सुविचार, हॅबिट ट्रॅकर (रोजच्या सवयींची नोंद), मधे क्लायंटची रंगीत कार्डं. बायकोनेसुद्धा छान म्हटलं. महिन्याभरात परत डायरीवर आलो, आणि क्लायंटची बिलं व्हॉट्सअॅपवर स्क्रोल करत शोधतोय. त्या गडबडीत एकाचा ३बी (जीएसटीचा रिटर्न) राहिला आणि लेट फी माझ्या खिशातून गेली. आता कुठलं अॅप घेऊ?
– एक कर सल्लागार, सांगली

कुठलंही घेऊ नका. अॅप बदललं तर अजून तीन रात्री जातील आणि पुढच्या दिवाळीत तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल. नोशन चांगलं आहे हो, गडबड सुविचारापासून सुरू झाली. सांगलीत हवामान बघायला खिडकी आहे की.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावायचे, ती डॅशबोर्ड. तुमच्या ऑफिसात चिखल कुठून उडतो ते आधी बघू. उद्या सकाळी खुर्चीत बसल्यापासून चहा येईपर्यंत तुम्ही असिस्टंटना तोंडाने काय काय विचारता ते एका चिठ्ठीवर लिहा. मी पैज लावते, तीनच प्रश्न निघतील. आज-उद्यात कुणाचं काय भरायचंय, कुणाचे कागद आलेले नाहीत, आणि कुणाकडून फी यायचीय. बस, तीन प्रश्न म्हणजे तीन चौकटी, आणि हॅबिट ट्रॅकर या तिन्हीपैकी कशाचंच उत्तर देत नाही म्हणून तो बाहेर.

आता तुम्ही हिशोबातले माणूस आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि खतावणी म्हणजे तेच खातेवार मांडलेलं. व्यवहार झाला की नोंद कीर्दीत पडते, आणि खतावणीत मनाने काही लिहायचं नसतं, कीर्दीतून उचलून आणायचं असतं. तुम्ही काय केलंत, खतावणी सजवलीत आणि कीर्दच ठेवली नाहीत. क्लायंटची माहिती थोडी कार्डावर, थोडी डायरीत, थोडी व्हॉट्सअॅपवर, मग तिन्हींचा मेळ बसणार कसा, आणि मेळ बसत नाही म्हटल्यावर माणूस ज्यावर विश्वास आहे तिकडे जातो, म्हणजे डायरीकडे. त्यात तुमची काही चूक नाही.

तर साधी गूगल शीट घ्या, तिला तीन टॅब.

पहिला टॅब ‘कीर्द’. एका ओळीत एक काम. क्लायंट, कामाचा प्रकार, कुठल्या महिन्याचं, मुदत, कागद आले का, भरलं का, कुणाकडे दिलंय, फी आली का. ‘का’वाले सगळे कॉलम चेकबॉक्स करा आणि कामाचा प्रकार ड्रॉपडाउनमधून निवडायचा, नाहीतर एक असिस्टंट ‘३बी’ लिहिणार, दुसरी ‘३ बी’ लिहिणार आणि शीटच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं.

दुसरा टॅब ‘तारखा’, आणि तुमच्या धंद्यात हाच सगळ्यात कामाचा. महिन्याची जीएसटीआर-१ (विक्रीचा रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, ३बी २० तारखेला, जे तिमाहीवाले आहेत त्यांची जीएसटीआर-१ १३ ला आणि ३बी आपल्या महाराष्ट्रात २२ ला, टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा ७ तारखेला, फक्त मार्चचा ३० एप्रिलला, अॅडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. हे सगळं तुम्हाला झोपेतसुद्धा पाठ आहे, पण शीटला नाही. या तारखा कामाचा प्रकार आणि महिना लावून फक्त या टॅबमध्ये लिहायच्या आणि कीर्दीतली मुदत व्हीलुकअपने, म्हणजे जुळणारी नोंद शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने, इथून ओढायची. फायदा कधी कळतो सांगू? रात्री साडेनऊला मुदतवाढीचं नोटिफिकेशन येतं ना, तेव्हा. साठ ओळी बदलत बसायचं नाही, एक तारीख बदलली की सगळीकडे बदलली.

तिसरा टॅब ‘आज’. इथे फक्त फिल्टर फॉर्म्युला, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळीच दाखवणारा. अट अशी की भरलेलं नाही आणि मुदत आजपासून सात दिवसांच्या आत किंवा उलटून गेलेली. आजची तारीख टुडे फंक्शन रोज स्वतःच घेतं. शेजारी तसाच दुसरा फॉर्म्युला, कागद न आलेल्यांचा, आणि तिसरा फी बाकीवाल्यांचा. कीर्दीत टिक मारली की ‘आज’मधून ओळ गायब, आणि २० तारखेच्या दुपारी ती यादी एकेक ओळीने आखडत जाताना बघायला काय बरं वाटतं म्हणून सांगू.

रंग एकच. दोन दिवस उरलेत आणि कागद नाहीत ती ओळ लाल. पिवळा, नारिंगी, गुलाबी काही नको, सगळंच रंगवलं की लाल लाल राहत नाही.

दोन खड्डे आहेत, मी दोन्हीत पडलेय म्हणून सांगते.

पहिला तारखेचा. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर तुम्ही ०५/०७ लिहिलंत की ती समजते ७ मे. आणि १३/०७ लिहिलंत तर तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीखच धरत नाही, नुसते शब्द म्हणून ठेवते. मग ती ओळ ‘आज’मध्ये यायची तशी येत नाही आणि तुम्ही निवांत बसता. ओळखायची खूण म्हणजे खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि शब्द झालेली डावीकडे. फाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल (म्हणजे देश) भारत करा, तेही पहिल्याच दिवशी. मी हे शोधायला एक अख्खा रविवार घालवलाय, घरचे सिनेमाला गेले आणि मी डावी-उजवीकडच्या तारखा मोजत बसले होते.

दुसरा खड्डा, ‘आज’मध्ये काही लिहायचं नाही. फॉर्म्युलाने जिथे यादी पसरायचीय तिथल्या सेलमध्ये कुणी चुकून काही टाइप केलं की अख्खी यादी जाऊन नुसता एरर दिसतो. आणि शेजारच्या मोकळ्या कॉलममध्ये ‘फोन केला’ असं लिहून ठेवलंत तर उद्या ओळी वरखाली झाल्या की ते दुसऱ्याच क्लायंटपुढे! असिस्टंटना सांगा, ‘आज’ फक्त बघायला, लिहायचं ते कीर्दीत. हवं तर तो टॅब प्रोटेक्ट करून टाका.

व्हॉट्सअॅप बंद करा असं मी सांगणार नाही, क्लायंट ऐकणारच नाहीत, जीएसटीचं बिल मांडीवर ठेवून तिरका फोटो काढून पाठवणारी मंडळी ती. पण फोटो आला की लगेच ड्राइव्हवर त्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि मगच ‘कागद आले’ला टिक, हा नियम तिघांनीही पाळायचा. आणि पोर्टलचे पासवर्ड या शीटमध्ये नकोत, शीटचं शेअरिंग ‘लिंक असलेला कुणीही’वर नको, तिघांचे ईमेल घाला आणि विषय संपवा.

राहिला प्रश्न उघडण्याचा. क्रोमच्या सेटिंगमध्ये सुरू होताना ठरावीक पानं उघडायची सोय असते, तिथे या ‘आज’ टॅबची लिंक टाका. कॉम्प्युटर चालू केला की तेच समोर. शोधायला लागणारा डॅशबोर्ड मी तरी आजवर चारच दिवस टिकलेला बघितलाय, माझा स्वतःचा धरून.

ताई, मी पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. रोज किती तास वाचलं, किती दिवस सलग, याचा आलेख काढणारा डॅशबोर्ड केलाय. आधी मजा यायची. गावी लग्नाला गेलो तर ४१ दिवसांची साखळी तुटली, आणि तेव्हापासून उघडावासाच वाटत नाही.
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

अरे, लग्नाला गेलास तर जेवून आलास ना नीट? साखळीचं काढून टाक. तास मोजून काय कळतं, तू अभ्यासिकेत नऊ तास बसलास एवढंच, त्यातले दोन चहाच्या टपरीवर गेले असतील तर ते आलेखात येत नाही. त्याऐवजी अभ्यासक्रमाचे मुद्दे एकाखाली एक लिही, प्रत्येकापुढे शेवटची उजळणी कधी केली ती तारीख, आणि सगळ्यात जुनी तारीख वर येईल असं सॉर्ट लाव. सकाळी वरचे तीन मुद्दे घ्यायचे. लग्नाहून चार दिवसांनी आलास तरी ही यादी तुला काही बोलणार नाही, फक्त काय शिळं झालंय ते दाखवेल.

मी शिक्षिका आहे. माझ्याकडे लॅपटॉप नाही, सगळं फोनवर. शाळेचं, घरचं, सासूबाईंच्या तपासण्या, मुलाचे क्लास. फोनवर डॅशबोर्ड होतो का?
– एक वाचक, नाशिक

होतो की, तुमच्या फोनची पहिली स्क्रीन हाच तुमचा डॅशबोर्ड. फक्त तिथे सध्या २४ अॅपची बाजारपेठ भरलेली असेल. ती सगळी दुसऱ्या पानावर ढकला. पहिल्या पानावर दोन विजेट (अॅप न उघडता माहिती दाखवणाऱ्या चौकटी), गूगल कॅलेंडरचं दिवसाची यादी दाखवणारं आणि त्याच्याखाली गूगल कीप या नोंदींच्या अॅपची एकच नोट, बाजाराची वगैरे. शाळेची कामं टास्क म्हणून तारीख घालून टाकलीत तर तीसुद्धा कॅलेंडरमध्येच दिसतात, वेगळी यादी नको. तपासणीची नोंद करताना ‘उपाशीपोटी’ हा शब्द नावातच लिहा, आणि आठवण आदल्या रात्री ८ ची लावा. सकाळी ७ ला आठवण येऊन उपयोग काय, तोवर सासूबाईंचा चहा झालेला असतो.

आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवू नका हं. १९७३ पासून आपल्या भिंतींवर लटकलंय ते. दुधाचा खाडा त्या चौकटीत पेनाने मांडायला दोन सेकंद लागतात, ओल्या हाताने फोन उघडायला किती लागतात ते तुम्हीच बघा. माझ्याकडे दुधाचा हिशोब आजही भिंतीवरच आहे, बाकी सगळं फोनमध्ये.

मी न्यू जर्सीत असतो, टीम हिंजवडीत, आई कोल्हापुरात एकटी. आईच्या गोळ्या, डॉक्टर, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं एका शीटमध्ये ठेवलंय, इथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवून भारताची वेळ दाखवतो. नोव्हेंबरात सगळंच एक तासाने चुकलं, दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर निघून गेलेले.
– एक वाचक, न्यू जर्सी

साडेनऊ तासांचा फरक तुमच्याकडे उन्हाळ्यापुरताच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची घड्याळं पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आपली भारतातली आहेत तिथेच. म्हणजे थंडीत साडेदहा तास. तेव्हा वेळ हाताने मिळवू नकाच. आईच्या सगळ्या नोंदी कॅलेंडरमध्ये हलवा आणि प्रत्येक नोंद करताना तिची टाइमझोन कोलकाता निवडा, तुमची नको. मग कोल्हापूरचे सकाळचे १० तुम्हाला उन्हाळ्यात मध्यरात्री साडेबाराला आणि थंडीत आदल्या रात्री साडेअकराला आपोआप दिसतील. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरी टाइमझोनही लावता येते, डाव्या कडेला दोन्ही वेळा शेजारी शेजारी येतात, हिंजवडीच्या मीटिंगनाही ते बरं पडेल.

एक विचारू? गोळी घेतली की नाही याचा चेकबॉक्स कोण भरतं, तुम्ही की आई? तुम्ही फोनवर विचारून भरत असाल तर तो काढून टाका. पाच मिनिटं फोन, त्यातली दोन गोळीची चौकशी, आईला पण कंटाळा येत असेल.

मी निवृत्त बँक कर्मचारी, वय ७१. मला आयगूगल फार आवडायचं. एका पानावर बातम्या, मेल, क्रिकेटचा स्कोअर. ते बंद झालं तेव्हापासून मी कुठल्याच अशा पानावर भरवसा ठेवत नाही. आता मुलगी म्हणते बिलं, एफडी, विमा सगळ्याचं एक पान करा. उद्या तेही बंद पडलं तर?
– एक वाचक, डोंबिवली

काका, तुमचा राग मला कळतो. २००५ ला आलं, १ नोव्हेंबर २०१३ ला बंद झालं, आणि त्याच वर्षी जुलैत ब्लॉग-बातम्या एकत्र वाचायचं गूगल रीडरही गेलं, माझं तेव्हा दोन्हीकडे बिऱ्हाड होतं. पण तुम्हाला यावेळी बातम्या आणि स्कोअर नकोय, तुमच्याच तारखा हव्यात. त्या साध्या शीटमध्ये ठेवा. कुठली एफडी, कुठल्या शाखेत, कधी पिकते, नॉमिनी कोण. महिन्याच्या १ तारखेला ती फाइल एक्सेलमध्ये डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवायची आणि एक प्रिंट पासबुकांच्या पिशवीत. गूगलने उद्या काहीही बंद केलं तरी प्रिंट पिशवीतच राहील. खातेनंबर पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरे. आणि ती पिशवी कुठल्या कपाटात आहे ते मुलीला आजच सांगून टाका, माझ्या वडिलांनी ते सांगितलं नव्हतं, आम्ही माळ्यापर्यंत शोधलं, सापडली देवघराच्या ड्रॉवरमध्ये.